कारणाचा रकाना

बाबांची एक लांबट वही आहे, लाल कापडी पाठीची. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. तिथे मशीन बंद पडलं की ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये नोंद व्हायची: तारीख, वार, बिघाड, कारण, उपाय, सही. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. पर्वती पायथ्याच्या आमच्या घरातला प्रत्येक बिघाड त्या वहीत आहे. गीझरचा थर्मोस्टॅट, मिक्सरचे कार्बन, न्हाणीघरातल्या नळाचा वायसर. प्रत्येकापुढे कारण आहे, उपाय आहे आणि शेवटी बाबांची तिरकी सही.

२०२४च्या नोव्हेंबरात त्या वहीत एक नोंद आली: "२८ नोव्हें., गुरु. वीज ९.४० ते ४.१०. वीज आली, नेट आले नाही." उपायाच्या रकान्यात "चि. सौ. ने रविवारी येऊन सुरू केले." कारणाचा रकाना कोरा. सही नाही.

पुण्यात गुरुवार म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. देखभालीसाठी वीज जाणार ती गुरुवारी, आणि बऱ्याचदा पाणी नसणार तेही गुरुवारीच. आई बुधवारी रात्री पिंपं भरून ठेवते, बाबा फोन चार्ज करून ठेवतात. दर गुरुवारी वीज जातेच असं नाही, पण गेली तर सकाळी जाते आणि चार-साडेचारला येते. पाच वाजता आईचा संस्कृतचा ऑनलाइन वर्ग असतो. त्यामुळे नेट आलं नाही तर मला फोन पाच वाजून दोन मिनिटांनी येतो. "अगं, परत गेलं बघ तुझं नेट."

तुझं नेट, हे बरोबरच आहे. तो राउटर मी बसवलेला. दुकानातून आला तेव्हा त्यात कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, होतं. ते काढून मी त्यात ओपनडब्ल्यूआरटी नावाचं खुलं फर्मवेअर घातलं. तेव्हापासून त्याच्या तब्येतीची जबाबदारी कंपनीची नाही, नेटवाल्याची नाही, माझी आहे.

हे का करावं, असं मला बरेच जण विचारतात. राउटर म्हणजे भिंतीवरची एक पेटी, दिवे लागले की झालं. पण ती पेटी म्हणजे एक पूर्ण संगणक असतो. प्रोसेसर, मेमरी, आणि बहुतेक वेळा आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम. हे जगाला नीट कळलं ते लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४जी या निळ्या-काळ्या राउटरमुळे. डिसेंबर २००२मध्ये तो बाजारात आला. आत फक्त ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम. थोड्याच महिन्यांत जाणकारांच्या लक्षात आलं की त्याचं फर्मवेअर लिनक्सवर उभं आहे. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं त्याची अट अशी की तुम्ही ते वस्तूत घालून विकलंत तर त्याचा सोर्स कोडही (प्रोग्रॅमचं मूळ लिखाण) लोकांना द्यायचा. तगादा लागला, आणि २००३मध्ये कंपनीने तो खुला केला. त्याच कोडवर २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. पुढे २०१६मध्ये त्यातले काही जण वेगळे होऊन लीड नावाने काम करू लागले आणि २०१८मध्ये दोन्ही घरं पुन्हा एक झाली. आज कितीतरी कंपन्यांच्या राउटरांवर ते चालतं. एका परवान्यातली एक अट पाळली गेली म्हणून हे झालं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. आपल्या घरातली वस्तू आतून वाचता येणं ही साधी गोष्ट नाही.

अर्थात, आत हात घातला की चटकेही बसतात. २०१९मध्ये याच राउटरवर मी पहिल्यांदा फर्मवेअर चढवलं तेव्हा त्याची वीट झाली होती. म्हणजे पॉवरचा दिवा लागतो, बाकी सगळं मेलेलं. चूक माझीच. एकाच नावाचा, एकाच डब्यातला राउटर कंपनी आतला हार्डवेअर बदलून विकत राहते आणि आवृत्तीचा आकडा फक्त तळाच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात असतो. मी शेजारच्या आवृत्तीची फाइल चढवली होती. बाबांनी राउटर उलटा करून भिंग लावून तो आकडा वाचून दाखवला.

त्यातून बाहेर काढणारा रस्ताही त्या पेटीतच होता. सुरुवातीला जागा होणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, शाबूत होता. रीसेट दाबून धरून वीज दिली की तो काही सेकंद शेजारच्या संगणकाला विचारतो, माझ्यासाठी अमुक नावाची फाइल आहे का? संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, फाइल देणारा टीएफटीपी सर्व्हर चालू ठेवायचा, फाइलचं नाव अक्षरन् अक्षर बरोबर हवं. आम्ही दोन तास हे करत होतो. बाबा यू-पिन घेऊन रीसेटचं भोक दाबायचे आणि मोठ्याने दहा आकडे मोजायचे, मी स्क्रीनकडे बघायचे, आणि स्क्रीनवर काही यायचं नाही. शेवटी बाबांच्या लक्षात आलं की राउटर बंद केला की लॅपटॉपच्या केबलच्या खाचेतला दिवाही विझतो आणि परत लागायला वेळ घेतो. तोवर बूटलोडर विचारून मोकळा झालेला असायचा. मध्ये एक साधा पाच खाचांचा स्विच ठेवला, लॅपटॉपची बाजू जागी राहिली, आणि पुढच्याच खेपेला फाइल गेली. वहीत ती नोंद आहे. कारण: "चुकीची आवृत्ती. तळाचे लेबल आधी वाचणे." सही आहे.

दुसरा मोठा बिघाडही असाच कारणासकट वहीत गेला. नेट चालू, पण काही साइट उघडायच्या आणि काही नुसत्या फिरत राहायच्या. बँकेची तर कधीच नाही. नेटवाल्याचा माणूस येऊन म्हणाला, आमच्या बाजूने सगळं ओके आहे, राउटर बदला. त्याची बाजू खरंच ठीक होती. आपल्याकडे बरेच नेटवाले पीपीपीओई पद्धतीने जोडणी देतात. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओईच्या वेष्टनात जातात, उरतात १४९२. मोठं पाकीट आलं की "लहान करून पाठवा" असा निरोप मागे जायला हवा, पण वाटेतली एखादी फायरवॉल तो निरोपच अडवते आणि दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत बसतात. पिंगने, म्हणजे समोरच्याला हाक मारून ओ येते का ते बघून, मोजून पाहिलं: १४६४ आकाराचं जातं, १४७२ अडतं. २८ बाइट मथळ्यांचे मिळवा, १४९२ आणि १५००. फायरवॉलच्या सेटिंग्ज बदलताना एमएसएस क्लॅम्पिंगची, म्हणजे पाकिटं आधीच लहान ठेवायला सांगणारी, खूण माझ्याकडून निघाली होती. परत लावली, बँक उघडली. एका दुपारचं काम.

पण हा गुरुवारचा बिघाड तसा नव्हता.

लक्षणं दर वेळी तीच असायची. वीज आली, राउटरचे सगळे दिवे हिरवे, नेटवाल्याशी जोडणी झालेली. ८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग केलं तर उत्तर येतं. नावाने मात्र एकही साइट उघडत नाही. आकड्याने हाक मारली तर ओ, नावाने मारली तर शांतता. म्हणजे दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये, इतकं पहिल्या पाच मिनिटांत कळायचं.

हे डीएनएस मी मुद्दाम वेगळं लावलं होतं. साध्या पद्धतीत तुमचा राउटर "या नावाचा पत्ता काय" असं उघड्या पोस्टकार्डावर विचारतो. वाटेत कोणीही वाचावं. २०१६मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस हे मानक आलं. त्यात हीच विचारणा ८५३ या पोर्टवरून बंद पाकिटात जाते, आणि समोरचा सर्व्हर खरा आहे ना हे त्याचं प्रमाणपत्र बघून पडताळलं जातं. आई-बाबांच्या घरातून कुठली साइट बघितली गेली हे वाटेतल्या कुणाला कळू नये असं मला वाटतं, म्हणून राउटरमध्ये स्टबी नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला होता. तो ही पाकिटं बंद करतो.

मी रविवारी जायचे. डीएनएस तात्पुरतं साधं करायचे, की नेट लगेच चालू. मग परत बंद पाकिटाचं करायचे, तरीही चालू! राउटर बंद करून परत चालू करायचे, तरी चालू. दोनदा, तीनदा. काहीच बिघडलेलं नाही. मग आई चहा आणायची, मी बाबांना म्हणायचे, "सुरू झालं." बाबा विचारायचे, "कशाने?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. ते वही मिटून ठेवायचे.

संशय घ्यायला जागा भरपूर होत्या. अ‍ॅडॉप्टर जुना झाला की आतला कपॅसिटर सुकतो आणि सुरुवातीच्या झटक्याला पुरेसा करंट मिळत नाही, म्हणून तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचा नवा आणला. स्टबी लवकर सुरू होतो आणि जोडणी नंतर होते असं वाटून त्याच्या सुरू होण्याआधी तीस सेकंद थांबा लावला. फर्मवेअरची नवी आवृत्ती चढवली. दर वेळी बदल केला, तपासलं, चाललं. पुढचे गुरुवार वीज गेली, आली, नेट आलं. मला वाटायचं सापडलं. आणि मग एका गुरुवारी पाच वाजून दोन मिनिटांनी फोन.

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "मिनी यूपीएस लाव ना, बाराशे-पंधराशेत येतो. राउटर बंदच होणार नाही." पुण्यातल्या निम्म्या घरांनी हेच केलंय आणि त्यात काही वावगं नाही. पण बाबा म्हणाले, "यूपीएसने रोग झाकेल. आधी कारण." मला ते पटलं. घरापासून दूर राहणाऱ्या मुलीने आई-बाबांच्या घरात अशी वस्तू ठेवली असेल जी कधी दगा देईल हे तिला स्वतःलाच माहीत नाही, तर ती मनाला लागून राहते.

रविवार, १ जून २०२५. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच आला होता, खिडकीत कपडे वाळत घातलेले. त्या आधीच्या गुरुवारी, २९ मेला, नेट गेलेलं. मी लॅपटॉप उघडण्याआधी बाबांनी वही पुढे केली. त्यांनी मधल्या सगळ्या गुरुवारांच्याही नोंदी ठेवल्या होत्या, वीज गेली पण नेट आलं त्याही. बिघाड नव्हता तरी नोंद. हे मी कधीच केलं नसतं.

"हे बघ," ते म्हणाले. नेट गेलं: २८ नोव्हेंबर, ३० जानेवारी, २७ मार्च, २९ मे. मी येऊन चालू केलं: १ डिसेंबर, २ फेब्रुवारी, ३० मार्च. मधे १२ डिसेंबर, ९ जानेवारी, २० फेब्रुवारी, १३ मार्च, १७ एप्रिल, ८ मे. तेव्हाही वीज गेलेली, पण नेट आपोआप आलेलं. "तू हात लावलास की आठ-नऊ आठवडे बरं चालतं. मग बिघडतं. हे मशीनचं वागणं नाही. हे कशाची तरी मुदत संपल्यासारखं आहे."

मुदत हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, पण कशाची ते सुचेना. मी नेहमीप्रमाणे राउटर बंद करून चालू केला, त्यात शिरले आणि लॉगरीड ही आज्ञा दिली. राउटर जागा झाल्यापासून काय काय झालं याची ती नोंदवही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वार, महिना, तारीख, वेळ. वार होता सन, म्हणजे रविवार. वेळ दुपारची पावणेएक-एक. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. मी पुढे सरकले, शेवटच्या त्रुटीच्या ओळी बघायला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते, भिंग हातात. ते पहिल्या ओळीवरच थांबले.

"मार्च का म्हणतंय हे?"

मी परत वर गेले. सन मार ३० १२:५२. रविवार तेवढा बरोबर होता, महिना नाही.

३० मार्च. तो पाडवा होता. त्या दिवशी मी इथेच बसले होते, आई स्वयंपाकघरातून दोनदा ओरडली होती, पानं वाढली आहेत, श्रीखंड गरम होतंय, आणि मी म्हणाले होते, एवढं सेव्ह करते आणि येते. ते सेव्ह मी बाराला बावन्न मिनिटांनी केलं असणार.

"याला घड्याळ नाहीये का?" बाबांनी विचारलं.

नाहीये. घरच्या संगणकात मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, वीज नसली तरी घड्याळ चालू ठेवायला. घरगुती राउटरांत तो सहसा घालत नाहीत, चार पैसे वाचतात. त्यामुळे वीज गेली की राउटरची वेळ जाते. वीज आली की त्याने जागं कुठल्या तारखेला व्हायचं? काहीच केलं नाही तर १ जानेवारी १९७०, कारण युनिक्सचा काळ तिथून मोजतात. ओपनडब्ल्यूआरटीत यावर एक छोटासा उपाय लिहून ठेवलाय. सिसफिक्सटाइम नावाची काही ओळींची स्क्रिप्ट आहे. मी ती तिथेच उघडली आणि बाबांना ओळीओळीने मराठीत सांगितली: सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरमधल्या सगळ्या फाइली बघ, त्यांतली सगळ्यात अलीकडे बदललेली कुठली ते शोध, तिची तारीख हीच आजची तारीख समज. म्हणजे दर वेळी वीज आली की हा राउटर त्या दिवशी जागा होतो ज्या दिवशी मी त्याला शेवटचा हात लावला. खरी वेळ त्याला नंतर कळते, इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून.

त्या सर्व्हरचा पत्ता मात्र त्याच्याकडे नावाने लिहिलेला असतो. नावाचा पत्ता शोधायला डीएनएस हवं. माझं डीएनएस बंद पाकिटातलं, आणि ते प्रमाणपत्र पडताळल्याशिवाय बोलत नाही. प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. मी फोनच्या नेटवरून त्या डीएनएस सर्व्हरचं प्रमाणपत्र लॅपटॉपवर उघडलं. वैध: २५ मेपासून, साधारण तीन महिने. आणि राउटर बसला होता ३० मार्चला. त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नव्हतं. दोन महिन्यांनंतरचं कागदपत्र घेऊन कोणी दारात उभं राहिलं तर त्याला आत घेऊ नये, हे तो बरोबरच करत होता. वेळ कळायला नाव हवं, नाव कळायला वेळ हवी. दोघं एकमेकांच्या दारात.

त्या क्षणी मागचं सगळं एकेक करून जागेवर बसलं. अशी प्रमाणपत्रं मुदत संपायच्या बरीच आधी, साधारण दोन महिन्यांनी, नवी होतात. मी रविवारी येऊन डीएनएस साधं केलं की राउटरला खरी वेळ मिळायची. मग मी सेटिंग्ज परत लावून सेव्ह करायचे, की फाइलवर त्या दिवसाची तारीख पडायची. त्यानंतर कितीही वेळा बंद-चालू करा, तो त्याच रविवारी जागा होणार, चालू प्रमाणपत्र त्या तारखेला वैधच असणार, सगळं चालणार. मी तपासत होते तेव्हा बिघाड दिसणं शक्यच नव्हतं, कारण तपासण्याने तो बुजत होता. पुढे समोरच्या सर्व्हरने नवं प्रमाणपत्र घेतलं की मधे केव्हातरी रेघ ओलांडली जायची, आणि त्यानंतर पहिल्यांदा वीज गेली की संपलं. बाबांच्या आठ-नऊ आठवड्यांचा हिशेब हा होता. नवा अ‍ॅडॉप्टर, तीस सेकंदांचा थांबा, नवं फर्मवेअर, माझे सगळे उपाय "लागू पडले" ते केवळ त्या निमित्ताने फाइलीवर नवी तारीख पडली म्हणून.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे एक बॉयलर होता. इन्स्पेक्शनला उघडला की गळायचा नाही. थंड झाल्यावर फट मिटायची." आणि स्वयंपाकघराकडे बघून मोठ्याने, "सापडलं गं!"

उपाय एका ओळीचा निघाला. नावांची विचारणा पुढे पाठवणाऱ्या डीएनएसमास्कला सांगायचं की वेळेच्या सर्व्हरचं नाव तेवढं नेटवाल्याच्या साध्या डीएनएसला विचार, बाकी सगळं बंद पाकिटात. एवढं एक पोस्टकार्ड उघडं गेलं तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. घरात घड्याळ आहे हे वाटेतल्यांना कळलं तर कळू दे. मी ओळ घातली, सेव्ह केलं, सेवा पुन्हा सुरू केली आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. ३० मार्चच्या ओळी एकाखाली एक येत होत्या. मग एक ओळ आली, वेळ बसवत आहे. तिच्या खालच्या ओळीवर १ जून. लगेच आईचा फोन टेबलावर टुणटुणला, तीन दिवसांचे साठलेले मेसेज.

(एक जुनी गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कारण तिने मला पूर्वी छळलंय. भारतीय वेळ जगाच्या वेळेपुढे साडेपाच तास, पण राउटरच्या आत ती उणे चिन्हाने लिहितात: आयएसटी-५:३०. तिथली जुनी रीत पश्चिमेला अधिक मोजते. अधिक लिहिलंत तर तुमचा राउटर अकरा तास मागे राहील, आणि मुलांचं नेट रात्री दहाला बंद करायचा नियम सकाळी नऊला लागेल.)

मी लॅपटॉप मिटणार होते. बाबा म्हणाले, "थांब. तू आत्ता जे सेव्ह केलंस, त्यावर तारीख कुठली पडली?"

मी बघितलं. ३० मार्च. अर्थातच, कारण सेव्ह केलं तेव्हा राउटर अजून पाडव्यातच होता. म्हणजे आता वीज घालवली तर तो पुन्हा पाडव्यालाच जागा होणार, आणि या वेळी स्वतःहून बाहेर यायला हवा. याआधीची एकही चाचणी इतकी खरी नव्हती. बाबा उठून दाराजवळच्या मेन स्विचपाशी गेले. पंखा मंदावत थांबला, फ्रीजची घरघर गेली, बाहेरचा पाऊस एकदम ऐकू यायला लागला. त्यांनी मनातल्या मनात साठ मोजले असावेत. मग खटका वर. राउटरचे दिवे एकेक लागले. ३० मार्च, ३० मार्च, ३० मार्च, १ जून. पुन्हा केलं. आणि तिसऱ्यांदा आईने केलं, तिला करून बघायचं होतं.

वही उघडून बाबांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "राउटरला स्वतःचे घड्याळ नाही. जुन्या तारखेला जागा होतो, नवे प्रमाणपत्र मानत नाही." चारही नोंदींपुढे तेच. उपायही लिहिला. सही केली नाही.

"प्रमाणपत्राची मुदत तीन महिने म्हणालीस ना? म्हणजे तेरा गुरुवार." त्यांनी पट्टी घेऊन खाली तेरा चौकोन आखले. ज्या गुरुवारी वीज जाणार नाही त्या गुरुवारी चार वाजता ते स्वतः मेन पाडणार. पाडवा दर आठवड्याला आणखी मागे जाणार, दोन तारखांमधलं अंतर वाढत जाणार, आणि तरी राउटरने आपलं आपण यायला हवं. अट एकच होती, आणि ती माझ्यासाठी होती. तेरा गुरुवार सेटिंग्जना हात लावायचा नाही. एक खूण जरी बदलून सेव्ह केली तरी तारीख नवी होईल आणि परीक्षा सोपी होईल.

मी दर रविवारी जात राहिले, लॅपटॉप न घेता. जून गेला, पालख्या आल्या आणि गेल्या, जुलैत चौकोनांची पहिली ओळ भरली. गुरुवारी पाच वाजून गेले की माझं लक्ष फोनकडे असायचं. तो वाजला तर आईचा असायचा, एकदा एका विभक्तीबद्दल आणि एकदा अळूच्या फदफद्याबद्दल.

तेरावा गुरुवार आला २८ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. मी रजा घेऊन तिथेच होते. वीज गेली नव्हती. पाहुणे येणार होते म्हणून आई म्हणाली, जे काय करायचं ते विसर्जनाच्या आरतीआधी उरका. बाबांनी मेन पाडला. मखराभोवतीच्या माळा विझल्या, समई तेवढी राहिली, शेजारच्या घरातून टाळांचा आवाज येत होता. बाबा समोर उभे राहून ओठांतल्या ओठांत मोजत होते. खटका वर गेला. मी राउटरला हात लावला नाही, फक्त फोनवर लॉग उघडला. पाडव्याच्या पंधरावीस ओळी आल्या, आणि त्यांच्या खाली ऋषिपंचमी.

बाबांनी तेरावा चौकोन भरला. मग वही गुडघ्यावर घेऊन नोव्हेंबरपासूनच्या चारही नोंदींपुढे एकेक सही केली.